कुंडी बदलणे, फुलोऱ्यातील झाडाची

कुंडीत वाढणारे झाड जुन्या कुंडीतून काढून, मूळ मातीच्या गोळ्यासह किंवा तो काही अंशी सोडवून, दुसऱ्या कुंडीत नव्या मातीत बसविणे या क्रियेस ‘कुंडी बदलणे’ असे म्हणतात. झाड विश्रांतीच्या किंवा केवळ पालेवाढीच्या अवस्थेत असताना हे काम सोपे व बहुधा निर्धोक असते. झाड कळ्याफुलांवर आले असून त्याच वेळी ते खंगू लागले, पाने पिवळी पडू लागली वा कळ्या गळू लागल्या, म्हणजे मात्र प्रश्न अवघड होतो. कुंडी बदलावी तर मुळांना इजा होऊन उरलीसुरली फुलेही जाण्याची भीती. न बदलावी तर झाड जागीच मरण्याची भीती. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार वनस्पतींच्या शरीरक्रियेच्या आधारे केला असून उदाहरणे मुख्यतः पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील बागकामातून घेतली आहेत.

सर्वसाधारण नियम असा, की फुलोऱ्यात कुंडी बदलू नये. झाडाच्या दुखण्याचे कारण मुळांशी आहे व ते कुंडी न बदलता दूर होण्यासारखे नाही, अशी खात्री झाल्यासच हा नियम मोडावा. फुलोऱ्यातील बहुतेक दुखणी पाणी, क्षार, ऊन व खत यांच्या दोषांतून उद्‌भवतात आणि कुंडी बदलल्याने ती बरी होत नाहीत.

कुंडीतील मुळांची स्थिती : जमिनीतील झाडाची मुळे पाण्याच्या व अन्नाच्या शोधात दूरवर पसरतात, कुंडीतील झाडाला ती मोकळीक नसते. मुळे प्रथम सरळ वाढतात, कुंडीच्या भिंतीला अडतात व मग भिंतीला लागून गोल फिरू लागतात. त्यामुळे मुळांचा मोठा भाग कुंडीच्या बाहेरील थरात साठतो आणि मधली माती तुलनेने रिकामी राहते. सर्व बाजूंनी मुळांचे जाळे होऊन माती जवळजवळ नाहीशी झाली, म्हणजे झाड ‘मुळांनी कोंदले’ असे समजतात.

कुंडी हे शास्त्रीय प्रयोगाचेही जुने साधन आहे. यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट यांनी एका कुंडीत तोललेली माती घालून विलोचे रोप पाच वर्षे वाढविले. मातीचे वजन फारसे घटले नाही, झाडाचे मात्र पुष्कळ वाढले. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये प्रसिद्ध झाला. स्टीव्हन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1724 मध्ये कुंडीतील सूर्यफुलाच्या झाडाचे सकाळ-संध्याकाळ वजन करून पानांवाटे किती पाणी बाहेर पडते हे मोजले. त्यांचा ग्रंथ 1727 मध्ये प्रकाशित झाला. कुंडी हाताने उचलून तिच्या वजनावरून पाण्याची गरज ओळखण्याची माळ्यांची रीत तत्त्वतः याच मोजमापासारखी आहे.

कुंडीच्या आकारमानाचा वाढीवर होणारा परिणाम अलीकडे बारकाईने अभ्यासला गेला आहे. अनेक प्रयोगांच्या निष्कर्षांचा एकत्रित विचार करून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार कुंडीचे घनफळ दुप्पट केल्यास झाडाच्या शुष्क वजनात सरासरी 43 टक्के वाढ होते. येथे व्यास व घनफळ यांतील फरक लक्षात घेणे जरूर आहे. 20 सेंमी. व्यासाच्या व तेवढ्याच उंचीच्या सरळ भिंतीच्या कुंडीत सु. 6.3 लिटर, 25 सेंमी. कुंडीत सु. 12.3 लिटर आणि 30 सेंमी. कुंडीत सु. 21 लिटर माती मावते. म्हणजे व्यास केवळ 5 सेंमी.ने वाढविला, तरी माती जवळजवळ दुप्पट होते. मोठ्या कुंडीचा हा लाभ पालेवाढीच्या काळात मिळतो. फुलोऱ्यात तो का मिळत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

फुलोऱ्यातील शरीरक्रिया : पानांत तयार झालेली शर्करा झाडाच्या वाढत्या भागांकडे जाते. पालेवाढीच्या काळात तिचा मोठा वाटा नव्या पालवीला व मुळांना मिळतो. कळ्या धरल्यावर त्या स्वतःच प्रबळ ग्राहक बनतात आणि मुळांचा वाटा घटतो. त्यामुळे फुलोऱ्यात नव्या मुळांची वाढ मंदावते; वर्षायू (एका वर्षात जीवनक्रम संपविणाऱ्या) वनस्पतींत ती जवळजवळ थांबते. पालेवाढीतील झाडाची तुटलेली मुळे काही दिवसांत भरून येतात, तर फुलोऱ्यातील झाडाजवळ त्यासाठी लागणारी शिल्लक नसते. फुलोऱ्यात कुंडी न बदलण्याच्या नियमाचे मुख्य कारण हेच होय.

काही वनस्पतींत फुलोरा दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. फ्रान्समध्ये झ्यूल्याँ तुर्न्वा यांना 1912 च्या सुमारास हॉप व भांग या वनस्पतींवरील प्रयोगांत असे आढळले, की दिवस लहान केल्यास त्या लवकर फुलतात. पुढे अमेरिकेतील डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच. ए. ॲलर्ड यांनी 1920 मध्ये तंबाखू, सोयाबीन इत्यादींवरील प्रयोगांवरून प्रकाशावधीचे तत्त्व सविस्तर मांडले. शेवंती, पॉइन्सेटिया व भांग या लघुदिन वनस्पती आहेत. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजे त्यांना कळ्या येतात. अशा झाडांत फुलोऱ्याचे घड्याळ एकदा सुरू झाले, की ते झाडाच्या प्रकृतीसाठी थांबत नाही. पुणे हे सु. 18.5° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे सर्वांत मोठा दिवस सु. सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सु. अकरा तासांचा असतो. शेवंतीत लहान दिवसांची सुरुवात झाल्यापासून फुले पूर्ण उमलेपर्यंत प्रकारपरत्वे सर्वसाधारणतः 8 ते 12 आठवडे लागतात. या मर्यादित कालावधीतले दोन-तीन आठवडे कुंडी बदलण्याच्या आघातातून सावरण्यात गेले, तर फुलांच्या संख्येत व आकारात पडलेली तूट त्या हंगामात भरून निघत नाही.

आघाताचे स्वरूप : पाणी व खनिजे शोषण्याचे काम प्रामुख्याने मुळांच्या कोवळ्या टोकांजवळील मूलरोम करतात. ते अत्यंत नाजूक असून त्यांचे आयुष्य काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतच असते. मातीचा गोळा हलताच असंख्य मूलरोम तुटतात. पानांतून होणारे बाष्पोच्छ्‌वसन मात्र चालूच राहते; त्यात फुललेल्या झाडाच्या पाकळ्यांतूनही पाणी उडत असते. येणे घटले व जाणे तसेच राहिले, की झाडात पाण्याची तूट पडते. अशा वेळी ॲब्सिसिक अम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढून पानांवरील रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डाय-ऑक्साइड आत येण्याचा मार्गही बंद होऊन शर्करेची निर्मिती घटते. ताणामुळे एथिलीन वाढल्यास कळ्या व जून पाने गळतात. निरोगी झाडास यातून सावरण्यास साधारणपणे एक ते तीन आठवडे लागतात. आधीच खंगलेल्या झाडास त्याहून अधिक.

मातीचा गोळा अखंड ठेवून झाड मोठ्या कुंडीत सरकविणे आणि गोळा फोडून, मुळे छाटून माती बदलणे या दोन क्रिया सामान्य बोलण्यात एकाच नावाने ओळखल्या जातात. त्यांच्या आघातात मात्र मोठा फरक आहे. पहिल्या क्रियेत बरेचसे मूलरोम शाबूत राहतात, दुसरीत त्यांचा मोठा भाग नष्ट होतो. फुलोऱ्यात करावयाची झाल्यास पहिलीच क्रिया विचारात घ्यावी. मुळे कुजलेली असतील, तर हा त्याला एकमेव अपवाद होय.

निदान : फुलोऱ्यातील झाड खंगण्याची कारणे प्रामुख्याने पाच आहेत.

(1) मुळे कोंदणे : पाणी घातल्यावर ते लगेच तळाच्या भोकातून वाहून जाते, सकाळी पाणी देऊनही झाड दुपारी मान टाकते व संध्याकाळी पुन्हा सावरते, भोकातून मुळे बाहेर डोकावतात. केवळ एवढ्याच खुणा असून पाने हिरवी असतील, तर ही स्थिती गैरसोयीची असते, प्राणघातक नव्हे. बोगनवेलीसारखी झाडे तर मुळे काहीशी कोंदलेली असताना अधिक फुलतात.

(2) मुळे कुजणे : माती ओली असूनही झाड मलूल राहते, बुंध्याजवळ आंबूस वास येतो, खालची पाने पिवळी पडून गळतात. झाड हलकेच कुंडीतून सरकवून पाहिल्यास निरोगी मुळे पांढरी वा फिकट व टणक दिसतात. कुजलेली मुळे तपकिरी, बुळबुळीत असून ओढताच त्यांची साल निघून हाती येते. मातीत हवा न राहिल्याने मुळे गुदमरतात व पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या रोगकारकांचा शिरकाव होतो.

(3) क्षार साचणे : मातीवर व मातीच्या कुंडीच्या बाहेरील अंगावर पांढरा थर दिसतो, पानांच्या कडा करपतात. रासायनिक खते अधिक झाल्याने किंवा विंधन विहिरीचे कठीण पाणी वारंवार घातल्याने असे होते.

(4) अन्नद्रव्यांची उणीव : जुनी पाने पिवळी पडत असल्यास बहुधा नायट्रोजनाची उणीव असते. फुलोऱ्याच्या अखेरीस खालची काही पाने पिवळी पडणे हे वर्षायू झाडांत स्वाभाविक आहे, कारण त्यांतील नायट्रोजन फुलांकडे व बियांकडे वळविला जातो. नवी पाने पिवळी व त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यास लोहाची उणीव समजावी. मातीत लोह असूनही ती अल्कधर्मी झाल्यास ते मुळांना घेता येत नाही.

(5) परिस्थितीचा ताण व किडी : पश्चिमेच्या सज्ज्यातील दुपारच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची भिंत फार तापते व तिला लागून असलेली मुळे भाजतात. मावा, फुलकिडे व कोळी यांच्या उपद्रवानेही पाने वाकडी, ठिपकेदार वा निस्तेज होतात.

या पाचांपैकी केवळ दुसऱ्या कारणासाठी फुलोऱ्यातही कुंडी बदलणे अनेकदा अपरिहार्य ठरते. पहिल्या कारणासाठी ती क्वचित, तर उरलेल्या तीन कारणांसाठी बहुधा कधीच बदलावी लागत नाही. म्हणून निदानाआधी कुंडी बदलणे म्हणजे रोग न ओळखता शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. तपासणीसाठी झाड कुंडीतून पूर्ण काढण्याचीही गरज नसते. मातीत आदल्या दिवशी बेताचा ओलावा आणून कुंडी आडवी करावी, कडेवर हलकेच थापट्या माराव्यात आणि गोळा दोन-तीन बोटे पुढे सरकवून बाजूची मुळे पाहून तो परत बसवावा.

पिंपळे गुरव व परिसरातील परिस्थिती : पिंपळे गुरव हे पवना नदीकाठचे, पूर्वी शेतीचे असलेले गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील दाट वस्तीचे उपनगर आहे. तेथील बागकाम आता मुख्यतः सदनिकांचे सज्जे, गच्च्या व खिडक्यांच्या जाळ्या यांत कुंड्यांच्या रूपाने चालते. या परिसराची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. 550 मी. आहे, पुण्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. 700 ते 750 मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये पडतो.

येथील कुंड्यांतील झाडांच्या दुखण्यांना काही स्थानिक कारणे आहेत. पहिले कारण माती. बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती शेतात कसदार असली, तरी कुंडीत त्रासदायक ठरते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे मृत्खनिज ओले होताच फुगते व वाळताच आकसते. त्यामुळे पावसाळ्यात कुंडीचा निचरा बंद होतो, तर ऑक्टोबरच्या उन्हात माती भिंतीपासून सुटून तिला भेगा पडतात व कोवळी मुळे तुटतात. भेगेतून पाणी सरळ खाली वाहून गेल्याने कुंडी भिजल्याचा भास होतो, प्रत्यक्षात गोळा कोरडाच राहतो. दुसरे कारण पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे तोच क्रम राहिला. पाणी आले त्या दिवशी कुंड्या भरभरून भिजविणे व मधल्या दिवशी त्या तशाच ठेवणे ही सवय त्यातून लागू शकते. तूट भरून काढण्यासाठी वापरलेल्या विंधन विहिरीच्या पाण्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियमाची बायकार्बोनेटे मातीत साचून ती हळूहळू अल्कधर्मी होते. तिसरे कारण बाजारातील रोपे. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवंती, झेंडू इत्यादींची फुललेली रोपे लहान कुंड्यांत वा काळ्या पिशव्यांत विकली जातात. ती रोपवाटिकेच्या निवाऱ्यातून एकदम उघड्या सज्ज्यात येतात व आठवड्याभरात मलूल होतात. घरी आणताच त्यांची कुंडी बदलल्यास हवापालटाच्या ताणावर मुळांच्या इजेची भर पडते.

उदाहरणादाखल, कार्तिकात कळ्यांनी भरलेली, 15 सेंमी. कुंडीतील शेवंती सज्ज्यात मलूल पडली आहे असे समजू. प्रथम कुंडी उचलून पाहावी. ती हलकी लागल्यास गोळा आतून कोरडा पडला आहे. अशा वेळी कुंडी पाण्याच्या बादलीत तिच्या काठापर्यंत बुडवून बुडबुडे येण्याचे थांबेपर्यंत ठेवावी, मग निथळू द्यावी. झाड बहुधा दुसऱ्या दिवशी सावरते. कुंडी जड असूनही झाड मलूल असल्यास मुळे तपासावीत. ती पांढरी असतील, तर पाणी कमी करून कुंडी सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागी हलवावी. ती तपकिरी व बुळबुळीत असतील, तरच कुंडी बदलण्याचा विचार करावा आणि त्या हंगामातील काही फुलांचा त्याग करण्याची तयारी ठेवावी.

निर्णय : कारण निश्चित झाल्यावर दोन कालावधींची तुलना करावी लागते : एक, फुलोऱ्याचा उरलेला काळ, दुसरा, आघातातून सावरण्यास लागणारा काळ. कळ्या नुकत्याच दिसू लागल्या असून मुळे कोंदली असतील, तर गोळा अखंड ठेवून झाड एकच माप मोठ्या कुंडीत सरकविण्यास हरकत नाही. अजून बराच काळ शिल्लक असतो. कळ्या रंगावर आल्या असतील किंवा फुले उमलली असतील, तर कोंदलेल्या झाडाची कुंडी बदलू नये. मिळणारा लाभ झाडाच्या उपयोगी पडण्याआधीच फुलोरा संपतो. मुळे कुजली असतील, तर काळाचा हिशेब गौण ठरतो. तेथे प्रश्न फुलांचा नसून झाडाच्या जिवाचा असतो. वर्षायू झाड फुलोऱ्याच्या शेवटी कुजले असेल, तर मात्र ते वाचविण्यातही अर्थ नसतो. फुले खुडून घेऊन झाड काढून टाकावे व कुंडीतील माती पुन्हा वापरू नये. बहुवर्षायू झाड, उदा., गुलाब, मोगरा वा जास्वंद, असल्यास कळ्या व फुले खुडून झाड वाचवावे, कारण पुढील हंगाम त्याच्या हाती असतो.

पर्यायी उपाय : फुलोरा निभावून नेण्यासाठी कुंडी न बदलता करण्याजोगे उपाय पुष्कळ आहेत. वरची दोन-तीन सेंमी. माती मुळे न दुखविता खरवडून तेथे चाळलेले शेणखत वा गांडूळखत घालता येते. क्षार साचले असल्यास कुंडीच्या घनफळाच्या सु. दुप्पट गोडे पाणी सावकाश घालून ते तळातून पूर्ण वाहू द्यावे व बशीत साचलेले पाणी फेकून द्यावे. कुजलेल्या मुळांना हा उपाय करू नये. लोहाच्या उणिवेवर फेरस सल्फेटाचे 0.5 टक्क्यापेक्षा अधिक तीव्र नसलेले द्रावण संध्याकाळी पानांवर फवारतात. उमललेल्या फुलांवर ते पडल्यास डाग राहतात. मुळे कोंदलेल्या झाडाची कुंडी जशीच्या तशी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधली फट ओल्या वाळूने वा नारळाच्या भुशाने भरल्यास मुळे थंड राहतात व माती लवकर वाळत नाही. मातीची कुंडी असल्यास हा उपाय विशेष गुणकारी ठरतो.

पद्धती : फुलोऱ्यात कुंडी बदलणे अटळ झाल्यास पुढील क्रम पाळावा. काम संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावे. कुंडी एकच माप मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळे नसलेली माती दीर्घ काळ ओली राहून पुन्हा कूज होते. मुळे कुजली असल्यास मोठी कुंडी न घेता तेवढीच किंवा लहानही घ्यावी, कारण मुळे कमी झालेली असतात. मिश्रण जुन्या मातीशी शक्य तितके मिळतेजुळते, पण अधिक भुसभुशीत असावे. दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग भरड वाळू हे प्रमाण सामान्यतः चालते. तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतील पाणी भरड थरात सहजासहजी उतरत नसल्याने ओलीचा थर उलट वर सरकतो व मुळांना मिळणारी कोरडी जागा कमी होते.

निरोगी मुळांचा गोळा फोडू नये व भोवतालची गुंडाळलेली मुळेही फुलोऱ्यात सोडवू नयेत. कुजलेली मुळे मात्र निर्जंतुक केलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत छाटावीत व त्याच प्रमाणात काही कळ्या आणि जून पाने कमी करावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवरील भार हलका होतो. झाड पूर्वी होते त्याच खोलीवर बसवावे. बुंधा अधिक पुरू नये. एकदा पाणी देऊन कुंडी आठवडाभर वारा व कडक ऊन न लागणाऱ्या उजेडाच्या जागी ठेवावी. या काळात खत देऊ नये. दुखावलेल्या मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत.

वनस्पतिपरत्वे भेद : शेवंतीची कुंडी फुलोऱ्यापूर्वीच टप्प्याटप्प्याने बदलतात. मुनव्यांपासून वा छाटांपासून केलेली रोपे आधी 10 सेंमी., मग 15 सेंमी. व पावसाळ्यात, कळ्या धरण्यापूर्वी, 25 सेंमी. कुंडीत लावतात. पुणे येथील एम्प्रेस उद्यान चालविणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था 1830 मध्ये स्थापन झाली असून तिच्या वार्षिक पुष्पप्रदर्शनासारख्या ठरलेल्या दिवसासाठी कुंड्या तयार करणारे बागवान शेवटची कुंडी फार आधी बदलतात, यामागे हेच तत्त्व आहे. गुलाबाची कुंडी महाराष्ट्रात ऑक्टोबरमधील छाटणीच्या वेळी, तर मोगऱ्याची हिवाळ्यातील विश्रांतीत बदलणे सोयीचे असते. तुळशीला मंजिऱ्या आल्यावर ती खंगू लागल्यास कुंडी वा वृंदावनातील माती बदलण्याआधी मंजिऱ्या खुडाव्यात. झाड पुन्हा पालवीवर येते व मग माती बदलता येते. बी धरू दिल्यास मात्र ते लवकर जून होते. मंजिऱ्या खुडण्याच्या घरोघरच्या प्रथेला अशा प्रकारे शरीरक्रियेचाही आधार आहे. ऑर्किडांची कुंडी फुलोरा संपून नवी मुळे फुटू लागल्यावर बदलतात.

भांग (लॅ. कॅनाबिस सटायव्हा, कुल-कॅनाबेसी) ही वर्षायू, बहुधा विभक्तलिंगी व लघुदिन वनस्पती आहे. तिच्या फुलोऱ्यात मुळांची वाढ मंदावते व जीवनक्रम फुलांबरोबर संपतो. त्यामुळे फुलोऱ्यातील वर्षायू झाडांविषयी वर दिलेले विवेचन तिलाही तंतोतंत लागू पडते. भारतात मात्र तिच्या बाबतीत आधी कायद्याचा प्रश्न येतो. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या 1985 च्या अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार भांगेच्या कोणत्याही झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध आहे. विसाव्या कलमात तिच्यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासाची व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. सज्ज्यातील एका कुंडीलाही यातून सूट नाही. या अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे या झाडाचे फुलांचे वा फळांचे शेंडे. म्हणजे झाड फुलोऱ्यावर येते तेव्हाच कायद्याच्या दृष्टीने त्याचे गांभीर्य वाढते. राज्य शासनाच्या परवान्याने तंतू व बी यांसाठी लागवड करण्याची मुभा काही राज्यांत, उदा., उत्तराखंडात, देण्यात आली आहे.

फुलझाडांच्या लागवडीसंबंधीचे संशोधन पुण्यात गणेशखिंड येथील पुष्पसंशोधन केंद्रात व भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयात चालते. व्यापारी हरितगृहांत मातीऐवजी नारळाचा भुसा व ठिबक सिंचन वापरून पाणी व खत मोजून देता येत असल्याने फुलोऱ्यात मुळांना हात लावण्याचा प्रसंग सहसा येत नाही. घरगुती बागेतही कुंडी बदलण्याचे वेळापत्रक फुलोऱ्याच्या आधी आखणे, माती भुसभुशीत ठेवणे व पाणी कुंडीच्या वजनावरून देणे या तीन गोष्टी पाळल्यास हा प्रश्न क्वचितच उद्‌भवतो.

[→ उद्यानविज्ञान, भांग, शेवंती].